पोळपाटावरचं बेसबॉल

ऑस्वाल्ड तुस्कानो यांचं मराठी सदोष आहे, अशी लेखी तक्रार करणारी मेलबर्नमधली पहिली बाई मी. नाव, पत्ता, सही, सगळं रीतसर. चांगलं दोन पानी पत्र होतं. यंदा मार्चमध्ये ऑस्वाल्ड वारले आणि त्यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवं अशी आमच्या मराठी मंडळात चर्चा निघाली, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आढेवेढे घेतले नाहीत. या माणसाचा मला अभिमान वाटतो, आणि तो त्यांच्या तोंडावर मी कधी नीट बोलून दाखवला नाही. पुण्याची असल्यामुळे कौतुक करायला मला वेळ लागतो.

ऑस्वाल्ड वसईचे. घरी सामवेदी बोली बोलणारे, शाळा मराठी, आणि चर्चमध्ये बायबलचं मराठी वाचन करता करता आवाज कमावलेला. वडिलांची पानवेलीची बाग होती. कसोटी सामना असला की वडील ट्रान्झिस्टर झाडाला टांगून काम करायचे आणि ऑस्वाल्ड त्या झाडाखाली बसून अभ्यासाचं सोंग करायचे. "मी लहानपणी क्रिकेट पाहिलंच नाही, ताई," ते मला सांगायचे, "ऐकलं. पण विचाराल तो फटका डोळ्यांसमोर आहे." नव्वदीच्या दशकात ते ऑस्ट्रेलियाला आले आणि डँडेनॉन्गच्या एका कारखान्यात टूलमेकर म्हणून चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. बायको ब्रिजेट नर्सिंग होममध्ये कामाला. मुलगा एकच, ड्वेन.

सगळा घोटाळा या ड्वेनने केला. वडिलांनी हौसेने क्रिकेटचं किट आणलं, तर अकरा वर्षांच्या या पोराने शाळेतल्या मित्राबरोबर जाऊन बेसबॉल क्लबात नाव घातलं. ऑस्वाल्डना आधी वाईट वाटलं, मग कुतूहल वाटलं, आणि वर्षभरात त्यांना त्या खेळाचं अक्षरशः वेड लागलं. त्या सुमारास डँडेनॉन्गच्या आमच्या छोट्या रेडिओ स्टेशनवर रविवारी दुपारी दोन तास मराठी कार्यक्रम असायचा. एका रविवारी ठरलेले वक्ते आलेच नाहीत. ऑस्वाल्ड तिथे चर्चच्या कार्यक्रमाची जाहिरात द्यायला आले होते. त्यांना कुणीतरी माइकसमोर बसवलं आणि बोला म्हणाले. ते बेसबॉलवर बोलले, आणि पुढची चौदा वर्षं बोलत राहिले.

मराठीत बेसबॉल कसं सांगायचं हा प्रश्न त्यांच्याआधी कुणाला पडला नसावा. मैदानातल्या त्या चौकोनी बेसना ऑस्वाल्डनी 'पाट' म्हटलं. पहिला पाट, दुसरा पाट, तिसरा पाट, आणि जिथून खेळाडू निघतो आणि जिथे त्याने परत यायचं, ते 'घर'. तिन्ही पाटांवर खेळाडू उभे राहिले की ते गर्जायचे, "पंगत बसली! आता वाढणारा पाहिजे!" ज्यांना बेसबॉलचा ब माहीत नव्हता त्यांना खेळ एका वाक्यात कळला. आमच्या मंडळात आजही गणपतीला पार्किंग भरलं की लोक 'पंगत बसली' म्हणतात.

आता माझ्या तक्रारीविषयी. पहिल्या की दुसऱ्याच कार्यक्रमात ऑस्वाल्ड क्लबच्या मैदानावरून सामना सांगता सांगता एका म्हाताऱ्या पंचाचं कौतुक करत होते. सत्तरी उलटली तरी उन्हापावसात कसा उभा राहतो वगैरे. आणि मध्येच ओरडले, "गेला... गेला... गेलाऽऽ!" मी ग्लेन वेव्हर्लीतल्या माझ्या घरी ओट्याशी फरसबी मोडत होते. मी हातातली शेंग खाली ठेवून डोळे मिटले, हात जोडले. पाठोपाठ रेडिओवर टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा मला कळलं, की पंच ठणठणीत आहे आणि चेंडू कुंपणापार गेलाय. मग मी ते दोन पानी पत्र लिहिलं. मराठीत बस जाते, वीज जाते, चेंडू जातो. पण माणसाच्या बाबतीत हा शब्द नुसता, मोकळा वापरू नये, असं उदाहरणांसह समजावलं.

चार दिवसांनी फोन आला. "सुचित्राताई, तुस्कानो बोलतोय. तुमचं बरोबर आहे. पण मग खेळाडू घर सोडून धावत सुटतो, ते कसं सांगू?"

मी जरा तोऱ्यातच म्हटलं, "आपण घरातून निघताना काय म्हणतो? जातो म्हणतो का? येतो म्हणतो."

त्यांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मला वाटलं रागावले. पण पुढच्या रविवारी रेडिओवर ऐकलं, "ड्वेनने बॅट टाकली, 'येतो' म्हणाला आणि निघाला!" मी ओट्याशी एकटीच हसले. स्टुडिओत माइकसमोर त्यांनी एक कागदही चिकटवला होता: 'माणूस निघतो, पोचतो, बाद होतो. जात नाही.' मग त्यांनी मला क्लबात बोलावून स्कोअर लिहायला शिकवलं. म्हणाले, "चुका काढायची तुम्हाला आवड आहे. या खेळात चुका अधिकृतपणे लिहाव्या लागतात." टोमणा होता, पण इतका गोड की मी गेले.

बाहेरगावच्या सामन्यांना खरी मजा यायची. स्टेशनकडे तिथल्या मैदानांवरून प्रक्षेपणाची सोय नव्हती. त्यामुळे मी मैदानात बसून मेसेज पाठवायचे, आणि ऑस्वाल्ड स्टुडिओत बसून त्या मेसेजवरून सामना उभा करायचे. त्यांच्यासमोर पोळपाट आणि लाटणं. साधा फटका असेल तर लाटणं पोळपाटाच्या कडेवर, जोराचा असेल तर मधोमध. प्रेक्षकांचा गलका म्हणून ते वसईच्या फेस्ताचं, म्हणजे चर्चच्या जत्रेचं, रेकॉर्डिंग लावायचे. आमच्या तीस प्रेक्षकांच्या सामन्याला तीन हजारांची गर्दी वाटायची, आणि नीट कान दिला तर त्यात एक कुल्फीवालाही ऐकू यायचा. मी पाठवायचे, 'दोन बाद, दुसरा पाट भरला.' ते त्यातून चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या कपाळावरचा घाम, कुंपणावर बसलेले मॅगपाय पक्षी, ढगांचा रंग असं सगळं काढायचे. ब्रिजेट मैदानात असूनसुद्धा मांडीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसायची. डोळ्यांदेखत घडलेला खेळ तिला दोन मिनिटांनी पुन्हा ऐकायला मिळायचा, आणि खरं सांगते, ऑस्वाल्डचा सामना आमच्या समोरच्या सामन्यापेक्षा सरस असायचा.

मात्र त्यांचा एक नियम होता. "रंग माझे, निकाल मैदानाचा." मेसेजमध्ये नाही तो फटका त्यांनी कधी मारला नाही. मेसेज उशिरा आला तर ते सरळ सांगायचे, की पुढचं मला अजून कळलेलं नाही, आणि तोवर पानवेलीच्या गोष्टी सांगायचे.

ऐकणारे कुठकुठले होते! फोस्टर स्ट्रीटवरचे दुकानदार, टॅक्सीवाले, नर्सिंग होममधल्या दोन आज्या. पार पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीतला शैलेंद्र नावाचा एक इंजिनिअर आणि त्याची बायको नीरजा तर इंटरनेटवरून न चुकता ऐकायचे. तिकडे मराठी घर त्यांचं एकच. 'तुमचं बेसबॉल सुरू झालं की आमच्या घरात माणसं येतात,' असं नीरजाने एकदा लिहिलं होतं. ते पत्र ऑस्वाल्ड पाकिटात घेऊन फिरायचे.

ऐकायचा नाही तो ड्वेन. मी एकदा विचारलं, "अरे, तुझ्या बाबांचा कार्यक्रम कधी ऐकतोस की नाही?" तर म्हणाला, "इट्स डॅड्स थिंग, आंटी. थोडं क्रिंज आहे ना." ऑस्वाल्ड त्याच्याशी मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. याचं ऑस्वाल्डना दुःख होतं. हसून म्हणायचे, "अख्खं मेलबर्न ऐकतं, घरचा श्रोताच मिळत नाही."

आता तो दिवस. ऑगस्टमधला रविवार, उपांत्य सामना. मैदान स्टुडिओपासून लांब, डँडेनॉन्ग नावाच्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, खोलगट जागेत. नेटवर्कच्या नावाने बोंब. कँटीनमागच्या बाकावर उभं राहिलं तर एक काडी यायची. मी दर थोड्या वेळाने त्या बाकावर चढून मेसेज पाठवत होते. या वयात ते ध्यान कसं दिसलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पाचव्या डावात ड्वेन बॅटिंगला आला. पिचरचा चेंडू निसटला आणि थेट त्याच्या हेल्मेटवर बसला. ड्वेन आडवा झाला. मी बाकावरूनच पाहिलं आणि मेसेज केला, 'चेंडू ड्वेनच्या डोक्याला लागला. पडला.' कोच धावला, बोटं दाखवली, प्रश्न विचारले. तीनेक मिनिटांनी ड्वेन उठला, कपडे झटकले, कोचला काहीतरी बोलून हसला. चेंडू अंगाला लागला की खेळाडूला पहिला पाट आपोआप मिळतो, तसा तो तिकडे चालत निघाला. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नेटवर्कची काडी विझायला लागली, म्हणून मी घाईने लिहिलं, 'ड्वेन गेला.' मेसेज पोचल्याची खूण आली आणि नेटवर्क संपलं.

मला म्हणायचं होतं, ड्वेन पहिल्या पाटावर गेला. दोन शब्द मी खाल्ले. मी, जिने या एका शब्दावर दोन पानं लिहिली होती.

मी येऊन ब्रिजेटशेजारी बसले. ट्रान्झिस्टरवर ऑस्वाल्ड रंगात आले होते. ड्वेन बॅट फिरवत उभा आहे, पिचरने मान हलवली, चेंडू सुटला... आणि थांबले. लाटणं वाजलं नाही. मागे फेस्ताची गर्दी ओरडत होती, ती खटकन बंद झाली. रेडिओवरची शांतता किती भयंकर असते ते मला त्या दिवशी कळलं.

"श्रोतेहो," आवाज त्यांचाच, पण पार कोरडा. "ड्वेनच्या डोक्याला चेंडू लागलाय. तो पडला. त्यापुढे मला एक मेसेज आलाय. त्यात दोनच शब्द आहेत. ते मी वाचणार नाही. मला नक्की माहीत नाही, आणि नक्की माहीत नसलेलं मी इथून कधी सांगितलेलं नाही."

ब्रिजेट माझ्याकडे वळली. "सुचित्रा, काय पाठवलंस तू त्याला?"

मी फोन उघडला, स्वतःचा मेसेज वाचला आणि तिच्यापुढे धरला. वीस पावलांवर पहिल्या पाटावर ड्वेन उभा होता. पाणी पीत होता.

"ब्रिजेट," ऑस्वाल्ड बोलत होते, "तू ऐकत असशील. त्याच्याजवळ जा, त्याचा हात धर. मी निघालो असतो, पण गाडीने पाऊण तास लागेल. आणि इथून उठलो तर माझा आवाज तुला येणार नाही. म्हणून मी बसलोय."

माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पुढच्या रविवारी मी माइकवर जाऊन चूक कबूल केली. ऑस्वाल्ड मात्र तोवर सगळ्यांना सांगून बसले होते, "माझंच मराठी कच्चं, मेसेज मला नीट लावता आला नाही." 'सदोष मराठी' हे माझ्या पत्रातले शब्द त्यांनी एकदाही काढले नाहीत. मी असते तर काढले असते.

पण त्या क्षणी मी कँटीनकडे पळाले. तिथे भिंतीवर जुना फोन होता. स्टुडिओचा नंबर फिरवला: एंगेज. पुन्हा: एंगेज. का, ते ब्रिजेटच्या आवाज पूर्ण वाढवलेल्या ट्रान्झिस्टरवरून कँटीनपर्यंत ऐकू येत होतं. सगळी मराठी जनता ऑस्वाल्डना फोन करून काय झालं ते विचारत होती. स्टुडिओला लाइन एकच. ते प्रत्येक फोन धडपडून उचलत होते, "हॅलो? हॅलो, सुचित्राताई?" आणि मग आवाज खाली यायचा, "नाही हो, मला माहीत नाही. प्लीज, लाइन मोकळी ठेवा." एकाने तर लाइन मोकळी ठेवायला हवी हे सांगण्यासाठी फोन केला.

इकडे ब्रिजेट ट्रान्झिस्टर घेऊन कुंपणाशी गेली होती. पंचाने खेळ थांबवला. ड्वेनने वडिलांचा आवाज ऐकला. तो कुंपणापाशी आला, आईच्या हातातून ट्रान्झिस्टर घेतला, तोंडाजवळ धरला आणि त्यात ओरडला, "डॅड! डॅड, आय ॲम हिअर!" पंचवीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर रेडिओत बोलत होता. कुणीही हसलं नाही. रेडिओतून ऑस्वाल्ड म्हणत होते, "मी इथेच आहे. कुणाला काही कळलं तर सांगा."

तेवढ्यात कँटीनचा फोन खणखणला. मी झडप घातली.

"मी शैलेंद्र, कालगुर्लीहून. क्लबच्या वेबसाइटवर हा नंबर मिळाला. ड्वेन कसा आहे?"

"ठीक आहे! पहिल्या पाटावर उभा आहे! माझी चूक झाली हो, मेसेज..."

"काकू, ते नंतर. नीरजाला दुसऱ्या फोनवर स्टुडिओ लागलाय. तिने ऑस्वाल्डकाकांना लाइनवर धरून ठेवलंय, मेलबर्नला फोन लावतोय म्हणून सांगितलंय. ड्वेनला बोलवा. मी दोन्ही फोन एकमेकांना चिकटवतो."

मी कँटीनच्या दारातून अशी किंचाळले की पलीकडच्या संघाचे लोकसुद्धा धावत आले. ड्वेन स्पाइक्स घालून काँक्रीटवरून घसरत आला. मी फोन त्याच्या हातात दिला. मागोमाग ब्रिजेट आली, छातीशी ट्रान्झिस्टर. कुणीतरी तळणाचं मशीन बंद केलं. ड्वेनने ओठ ओले केले.

"डॅड," तो म्हणाला, "मी आहे."

क्षणभराने तेच शब्द ब्रिजेटच्या छातीवरच्या ट्रान्झिस्टरमधून बाहेर आले. मैदानापासून कालगुर्ली, तिथल्या स्वयंपाकघरात कानाला तोंड लावून धरलेले दोन फोन, तिथून डँडेनॉन्ग, आणि तिथून पुन्हा आमच्या कानात. चार हजारांहून जास्त किलोमीटर फिरून तो आवाज त्याच्या आईपाशी परत आला होता.

मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग ऑस्वाल्ड रडताना ऐकू आले. त्यांनी माइक बंद केला नाही. मेलबर्नमधल्या, पर्थमधल्या, कुठकुठल्या स्वयंपाकघरांत आणि गाड्यांत तो बापाचा हुंदका लोकांनी ऐकला असेल.

ड्वेनला ते सहन होईना. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "डॅड, रडू नको ना. मी ठीक आहे. हेल्मेटला लागला फक्त. मी..." तो शब्द शोधत अडखळला. इंग्रजी तोंडाशी आलेलं मी पाहिलं. त्याने ते गिळलं. "मी पहिल्या पाटावर आहे. दोन बाद आहेत. अजून घरी यायचंय मला."

हे शब्द त्याला आम्ही कुणी शिकवले नव्हते. ब्रिजेटने तोंडावर हात ठेवला. कधीच न ऐकणारा हा मुलगा इतकी वर्षं कुठे आणि कधी ऐकत होता, देव जाणे.

ट्रान्झिस्टरमध्ये नाक शिंकरल्याचा मोठा आवाज झाला. मग घसा साफ केल्याचा. आणि मग चर्चमध्ये कमावलेला तो भरदार आवाज पुन्हा आपल्या जागेवर आला.

"श्रोतेहो," ऑस्वाल्ड म्हणाले, "आता जे बोलले, ते आमचे मैदानावरचे मराठी निवेदक होते. ड्वेन ऑस्वाल्ड तुस्कानो."